लिस्बनचं पत्र

डोळे अधू झाल्यापासून अमेरिकेतल्या सेलम बंदराचे कट्टर प्रोटेस्टंट व्यापारी जोसाया थॅचर सगळी पत्रं आपल्या मुलीकडून, प्रुडन्सकडून, लिहून घेत. मुलाने लिस्बनमध्ये त्यांच्या मनाविरुद्ध कॅथलिक मुलीशी लग्न केलं, तेव्हापासून त्याला पत्र जाई ते फक्त मिठाच्या व्यापाराचं.

आज मुलाच्या पत्रात मिठाच्या भावाखाली एक ओळ जास्त होती. प्रुडन्सने ती भीतभीत वाचली, "बाबा, मुलगी झाली. आपल्या आईचं नाव ठेवलंय."

थॅचर उठून खिडकीशी गेले. तिथूनच म्हणाले, "लिही, या खेपेला मीठ पाठवू नकोस."

प्रुडन्सचा हात थबकला. म्हणजे आता व्यवहाराचंही नातं तुटलं!

"जहाज मोकळं ठेव," ते पुढे म्हणाले, "आणि सूनबाईला घेऊन घरी ये. समुद्रावर गारठा फार, बाळाला नीट गुंडाळून आण."