भांडणाची वजह

टेंभुर्णीच्या शाळेत व्यंकटराव मास्तर नवे होते. रोज शाळा सुटली की पोरं एकमेकांवर तुटून पडायची. काल कोणाचं डोकं फुटलं, आज कोणाचा दात पडला. मास्तरांनी पोरांच्या जागा बदलून पाह्यल्या, मारुतीचा अंगारा लावून पाह्यला, हात जोडून पाह्यले. भांडणं काही थांबली न्हाईत. शेवटी तक्रार औरंगाबादला गेली आन् रूमी टोपीवाले तपासणीचे साहेब येऊन वर्गात बसले.

"छोकरे रोज कायकू झगडते, मास्टर? वजह बोलो. नहीं तो आजच नोकरी खतम."

"देवाशपथ साहेब, मला न्हाई ठाऊक," मास्तर रडवेले झाले. "दोन महिने झाले, डोकं खाजवून राह्यलो." मंग पोरांकडं वळले. "अरे, कोणी तरी सांगा रे! माझी लेकरं उपाशी मरतील!"

मागून हस्तीमल उठला. त्याचा एक डोळा सुजून बंद झाल्ता.

"गुर्जी, ज्याला जवाब येतो त्याला तुमी बाकीच्यांच्या थोबाडीत मारायला लावता. शाळा सुटली का ते सगळे मिळून त्याला हाणतात."

"शाब्बास!" मास्तर आनंदानं वरडले. "बिलकुल बराबर जवाब!"

सवयीनं एकतीस पोरं गाल पुढं करून रांगेत उभी राह्यली.

हस्तीमल मात्र रांग सोडून सीधा मास्तरांपुढं आला.

"गुर्जी, जरा खाली वाका. जवाब तुमाला बी येत नव्हता."