चेहरा बघून

"कार्ड?" गेटवरच्या नाकामुराने हात पुढे केला. उल्हासला आधी वाटले, गडी थट्टा करतोय.

परदेशी माणसाचे राहण्याचे आणि कामाचे सरकारी कार्ड बघितल्याशिवाय त्याला बांधकामावर सोडायचे नाही, हा कंपनीचा नियम. तो योकोहामातल्या या इमारतीवर नीट पाळला जातो की नाही, हे बघणे उल्हासचे काम. परदेशी कोण हे ओळखण्याची युक्तीही त्याचीच. चेहरा आणि आडनाव बघा, शंका आली की कार्ड मागा. आज बड्या कंत्राटदाराची माणसे तपासणीला येणार होती. न तपासलेला एक जरी परदेशी सापडला, तर कंपनीचे काम आणि उल्हासची नवी खुर्ची, दोन्ही जाणार होते. त्याने मात्र छातीठोकपणे कळवले होते, एकही सुटलेला नाही.

"नाकामुरा-सान, मी आता जपानी नागरिक झालोय. कार्ड सरकारने परत घेतलं."

"अभिनंदन!" नाकामुराने त्याच्या पाठीवर सणसणीत थाप मारली. जपान्याच्या मानाने हा माणूस जरा जास्तच मोकळा होता. "पण चेहरा तर तोच आहे."

उल्हासने लायसन्स काढले. त्यावर नागरिकत्व लिहिलेले नसते. मग त्याने बायकोला, जयंतीला, फोन करून नव्या पासपोर्टचा फोटो मागवला.

"फोटो चालत नाही," नाकामुरा अदबीने म्हणाला. "तुम्हीच सांगितलंय."

मागून व्हिएतनामी मजूर आपापली कार्डे दाखवून आत जात होते. जाताना हसू दाबत होते. उल्हासला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेवढ्यात तपासणीवाले दोघे आले. सगळा प्रकार ऐकून थोरल्याचा चेहरा खुलला.

"स्वतःच्या साहेबालाही सोडत नाही. वा!"

उल्हासच्या जिवात जीव आला. अपमान गेला खड्ड्यात, खुर्ची तर वाचली. त्याने नाकामुराकडे कौतुकाने पाहिले.

"कार्डावर नेमकं काय काय बघता?" थोरल्याने विचारले.

"दाखवतो की." नाकामुराने उत्साहाने खिशातून पाकीट काढले, त्यातून एक कार्ड काढले आणि त्यावर बोट ठेवले. "ही मुदत. ही कामाची परवानगी. आणि हा देश, ब्राझील."

"हे कुणाचं?"

"माझंच. आजोबा इथले, मी तिकडचा. इथं माझ्याकडे कधी कुणी कार्ड मागितलंच नाही."