येतो

थंडीआधी रेवतीबाईंचं घर तपासायला आलेल्या नाझीमने खिडक्यांच्या फटी बुजवल्या आणि भिंतीवरच्या पडद्यावर विजेच्या वापराचे आकडे वाचले. "मावशी, घराने गेला अख्खा हिवाळा एक रिकामी खोली तापवली."

ती त्यांच्या मुलाची, ओजसची. हॉस्पिटलला निघताना तो दारातून म्हणाला होता, "येतो गं आई." माणसांचं बोलणं ऐकून हीटर आपोआप चालवणाऱ्या त्या घराने ते ऐकलं आणि खोली उबदार ठेवली. निरोप घेताना माणसं असंच म्हणतात, हे घराला कुणी शिकवलं नव्हतं.

"'तो गेला' एवढं म्हणा, घर हीटर बंद करेल," नाझीम हळूच म्हणाला.

रेवतीबाईंना ते म्हणवेना.

"वीज वाचवायचीच असेल," त्या शेवटी म्हणाल्या, "तर माझ्या खोलीतला बंद कर." आणि ऊब जाऊ नये म्हणून त्यांनी ओजसच्या खोलीचं दार ओढून घेतलं.