राष्ट्रगीताची तालीम

सुभद्राबाईंचं सुनेशी वाजलं होतं ते राष्ट्रगीतावरून. बालवाडीतल्या श्रेयाला पंधरा ऑगस्टला चाळीत झेंड्यापुढे गायचंय, ठीक आहे. पण म्हणून प्राचीने पोरीकडून ते दिवसभर घोकून घ्यायचं? आणि तेही सासूच्या खुर्चीसमोर? गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सुभद्राबाई खुर्चीला चिकटल्या होत्या. व्यायाम शिकवायला आलेल्या डॉक्टरणीला त्यांनी पहिल्याच दिवशी वाटेला लावलं होतं. पण राष्ट्रगीत चालू असताना बसून राहणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पहिला शब्द कानावर पडला की गुडघ्याला शिव्या घालत, प्राचीच्या खांद्याला धरून त्या उठायच्या आणि संपेपर्यंत ताठ उभ्या राहायच्या.

“अगो, नाक पुसता येत नाय पोरीला, तिला कसली देशभक्ती शिकवतेस?” त्या करवादायच्या. प्राची नुसती हसायची आणि थोड्या वेळाने पुन्हा पोरीला गायला लावायची.

पंधरा ऑगस्टला सुभद्राबाई गॅलरीत उभ्या राहिल्या, कुणाचाही हात न धरता. खाली श्रेया गायली आणि धावत वर आली.

“आई, आजी एकटी उभी राहिली! आता उद्यापासून मी गाणं नाय म्हटलं तरी चालेल ना?”

प्राचीने जीभ चावली. सुभद्राबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी पदराने डोळे टिपले आणि सुनेचा कान धरला.

“लबाड कुठली! पण पोरीला शिकवलंस ते बरं केलंस गो. त्या डॉक्टरणीसाठी मी मेले तरी उठले नसते.”