पंख असलेलं पिल्लू

"सर, जरा बघता?" असं म्हणून त्यांच्या विद्यार्थिनीने खुर्ची सोडली आणि सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

मोहरीच्या निम्म्यानेही नसेल, असा ढेकणाचा एक भाऊबंद. मातीत राहणारा, टुणकन उडी मारणारा. सध्या अल्कोहोलमध्ये बुडालेला, त्यामुळे शांत. सरांना पहिल्याच नजरेत कळलं, ही नुसती नवी जात नव्हे, हे जातींचं अख्खं घराणंच नवं. या किड्यांसाठी सरांनी उभी हयात रानोमाळची माती चाळली होती. त्यात गुडघे गेले, घराणं काही हाती लागलं नव्हतं.

"कुठे मिळाला?"

"आपल्या दारातल्या कुंडीत. तुम्ही रोज उरलेला चहा ओतता ना, त्याच."

सरांनी भिंगावरून डोळा काढला.

"पिल्लू आहे गं," ते शांतपणे म्हणाले. "जुन्याच जातीचं. लहानपणी सगळेच जगावेगळे दिसतात. दे टाकून."

तिने पुन्हा वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पण सर, याला चांगले पुरते पंख आहेत."

पिल्लाला पुरते पंख नसतात. हे सर दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवत. तिलाही त्यांनीच शिकवलं होतं आणि एकदा विसरली म्हणून तासभर उभंही केलं होतं.

आता एवढे पंख ज्याला दिसले नाहीत, तो माणूस एक तर जळकुकडा असणार, नाही तर आंधळा. सरांनी सावकाश चष्मा काढला, सदऱ्याला पुसला.

"हल्ली नीट दिसतच नाही गं."

"अहो, मग सांगायचं नाही का!" तिचा जीव कळवळला. "आणि मी वेडी, मनात भलतंसलतं आणत होते. उद्या सकाळी मीच नेते तुम्हाला."

नेलंही. हाताला धरून, एकेक पायरी सांगत.

डोळ्यांच्या डॉक्टरांच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. त्यातली शेवटची ओळ सरांना लख्ख दिसत होती. तिच्याखाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं, तेही.

"हं, वाचा आजोबा," डॉक्टर म्हणाले.

सरांनी मागे वळून पाहिलं. ती दाराशी बसली होती, पर्स छातीशी धरून, परीक्षा तिचीच असल्यासारखी.

सरांनी डोळे किलकिले केले, मान पुढे काढली, आणि सगळ्यात वरच्या वीतभर अक्षराकडे बोट करून विचारलं, "तिथे काही लिहिलंय का?"