नवाबचं स्थळ

“वापस ने त्याले,” पौर्णिमा म्हणाली. डब्याचं झाकण तिनं पुरतं उघडूही दिलं नाही.

डब्यात नवाब होता. अफनाननं पाळलेला टॅरँटुला, तळहाताएवढा केसाळ कोळी. अमरावतीहून अकोल्यापर्यंत तो सकाळच्या गाडीनं अफनानच्या मांडीवर बसून आला होता. शेजारच्या बाईनं डब्यात काय म्हणून विचारलं, तेव्हा अफनाननं “सोयरिकीचं आहे” एवढंच सांगितलं. खोटं काहीच नव्हतं त्यात.

नवाबनं शेवटची कात टाकली होती. या जातीतला नर एकदा वयात आला की फार दिवस काढत नाही. नवाबचे उरले होते जेमतेम दोन महिने. त्याआधी त्याची पिल्लं व्हावीत, त्यातलं एखादं आपल्याजवळ राहावं, एवढंच अफनानला हवं होतं. आणि अख्ख्या वऱ्हाडात त्याच्या माहितीतली वयात आलेली मादी एकच, पौर्णिमाची मैना. तीही इथेच, बियाण्याच्या दुकानामागच्या खोलीत, काचेच्या पेटीत.

“पण ताई, फोनवर तं जमलं होतं. तुमची बी ‘रोज’ जातीची, माहा बी ‘रोज’ जातीचा.”

“रोज हे विकनाऱ्यानं ठेवलेलं नाव होय, अफनान. अंगावर गुलाबी झाक दिसली का झाला रोज! असे छप्पन्न रोज हायेत बाजारात. मी शास्त्रीय नावावर चालते.” पौर्णिमा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि दुकानात वडिलांसमोरही तोच आवाज लावायची. झाकणावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तिनं बोट ठेवलं. “माही मैना पोर्टेरी. अन् इथं काय लिवलं हाय? रोझिया. जातच येगळी. मी संकर होऊ देनार नाई.”

“ते मी नाई लिवलं. बडनेऱ्याच्या स्वप्निलभाऊनं दिला, तवाच ते झाकनावर होतं. चुकलं असंन लिवनाऱ्याचं.”

“चुकते कायचं? अक्षर पाह्य. किती ठाम लिवलं हाय. जानत्या मानसाचं काम होय हे. तुले समजत नाई म्हनून त्याले नावं नको ठेवू.”

दोन्ही हातांनी अफनाननं डबा छातीशी धरला. अमरावतीत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, आज ते बंद ठेवून तो आला होता. दुकानाचं त्याला काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते नवाबचं. बिचारा चार दिवसांपासून खात नव्हता, नुसता डब्याच्या भिंतीला पाय लावून बाहेरची वाट शोधत होता.

गल्ल्यावर बसलेल्या पौर्णिमाच्या वडिलांना, खुशालरावांना, कोळ्यांत काडीचा रस नव्हता. पण लग्न जुळवण्यात हा माणूस दांडगा. भावकीतल्या कितीतरी सोयरिकी त्यांनी याच गल्ल्यावर बसून जमवल्या होत्या. आलेलं स्थळ असं उभ्या उभ्या परत जाताना पाहून त्यांना राहवलं नाही.

“आन बरं तो डबा,” ते म्हणाले.

तीस वर्षं त्यांनी बियाणं विकलं होतं. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, ‘ते बैलजोडीवालं द्या,’ ‘ते हिरव्या फोटूवालं द्या.’ खुशालराव पाकीट काढायचे, पण हाती देण्याआधी उलटं करायचे आणि मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून वाण वाचून दाखवायचे. न वाचता त्यांनी आजवर एक पिशवीही दुकानाबाहेर जाऊ दिली नव्हती.

“लेबल समोरून वाचून कोनी माल घेते काय?” ते म्हणाले. “समोर निरं नाव रायते. खरं सारं मांगं रायते.”

नखानं त्यांनी चिठ्ठी अलगद सोडवली आणि उलटी केली. ती मागून निळी होती. बियाण्याच्या पिशवीला असतो, तसला टॅग. त्यावर सोयाबीनचा लॉट नंबर होता, आणि खाली याच दुकानाचा पुसट जांभळा शिक्का: पौर्णिमा कृषी केंद्र, अकोला.

खुशालरावांनी टॅग लेकीपुढे सरकवला. पौर्णिमानं शिक्का वाचला, मग चिठ्ठी उलटून ते जाणत्या माणसाचं अक्षर पुन्हा पाहिलं. भर दुकानात, दोन माणसांसमोर, तिला सपशेल लाज वाटली.

“माहंच अक्षर होय,” ती म्हणाली. “आठ वर्षं झाले. अमरावतीले शिकून राहिली होती मी, तवा बारा पिल्लं आनले होते, अंड्यायच्या एकाच कोषातले. मैनाले ठेवलं अन् बाकीचे अकरा दोस्तायले वाटले. दुकानातले जुने टॅग कापून साऱ्यायच्या डब्यावर रोझियाच लिवलं. तवा पुस्तकं तेच सांगत होते. मांगून पुस्तकातलं नाव बदललं, तं मी मैनाच्या पेटीवर बदलवलं. बाकीच्यायले कळवाचं ध्यानातच नाई आलं.”

अफनानचा चेहरा उजळला. “म्हंजे जात एकच! मंग तं जमलं, ताई! कवा सोडाचा त्याले पेटीत?”

पौर्णिमानं चिठ्ठी पुन्हा झाकणावर दाबून बसवली. खुशालराव मधे पडले.

“थांब रे बापू. पोरी, परजातीचा म्हनून तू ज्याले दारातून वापस धाडून राहिली होती, तो तं मैनाचा सख्खा भाऊ निंघाला.”