फळ्यावर एकोणीस

सोळा, सतरा, अठरा. तिने परत पहिल्यापासून मोजलं. परत अठराच.

तलावाच्या दारातल्या फळ्यावर खडूने एकोणीस लिहिलं होतं. मुलं पाण्यात उतरायच्या आधी पोहायला शिकवणारे सर तो आकडा लिहायचे आणि जीवरक्षकाने दर दोन मिनिटांनी डोकी मोजून त्याच्याशी ताडून पाहायची, अशी इथली पद्धत. एक डोकं कमी भरलं की शिट्टी. शिट्टी झाली की सगळ्यांनी बाहेर.

तिचा हात शिट्टीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. या महिन्यात तिने अकरा वेळा शिट्टी फुंकली होती. अकराही वेळा मुलं कुडकुडत काठावर उभी राहिली आणि अकराही वेळा सगळी हजर निघाली. मुलांनी तिचं नाव शिट्टीताई ठेवलं. पालकांनी तक्रारी केल्या. काल मॅनेजरने तिला केबिनमध्ये बोलावून सरळ सांगितलं होतं, "आता एकदा जरी उगाच शिट्टी वाजली, तर तुम्ही घरी बसा. माझाही नाइलाज आहे."

घरी बसायला तर आई रोजच मागे लागायची. सोड बाई ती नोकरी, जेवण जात नाही तुला, झोप नाही. पण ही हट्टाला पेटली होती. आता सोडली तर तलावात बुडालेली ती मुलगी आपल्या हलगर्जीपणामुळेच गेली यावर आपणच शिक्का मारल्यासारखं होईल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. इथे टिकून दाखवायचं, एवढंच तिच्याकडे उरलं होतं.

ती मुलगी आठ वर्षांची होती. सहा महिन्यांपूर्वी असंच एक डोकं कमी भरलं आणि हिला वाटलं, गेली असेल बाथरूमला. अर्धं मिनिट. फार तर पाऊण. पुढचं तिला आठवतच नव्हतं. लोक सांगायचे, तू उडी मारलीस, तिला वर काढलंस, छाती दाबत राहिलीस, शेवटी तुला ओढून बाजूला करावं लागलं. ती ऐकून घ्यायची. दुसऱ्याच कोणा बाईची हकिगत ऐकावी तशी.

"तुमचं मन अजून त्या अर्ध्या मिनिटातच अडकलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "म्हणून रोज एक कमी भरतं. असं झालं की पाय जमिनीवर घट्ट दाबा. आजचा वार म्हणा. मग शांतपणे पुन्हा मोजा."

तिने ओल्या फरशीवर पाय दाबले. गुरुवार, ती पुटपुटली. आज गुरुवार. मोजलं. अठरा.

कानात दडे बसले आणि मुलांचा गलका कुठल्या कुठे लांब गेला. गुडघ्यावरचे स्वतःचे हात तिला परके वाटायला लागले. असं व्हायला लागलं की पुढचं काहीच आपल्या ताब्यात राहत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"सर," तिने कशीबशी हाक मारली. "आज किती आहेत?"

सर पलीकडच्या काठाशी एका मुलाचे पाय धरून ते पाण्यात कसे मारायचे हे शिकवत होते. त्यांनी मान वर केली नाही. रोज तोच प्रश्न ऐकून तेही कंटाळले होते. "ताई, फळ्यावर लिहिलंय ना?"

लिहिलंय. एकोणीस. शिट्टी फुंकावी तर सगळं संपलं. न फुंकावी, आणि खरंच एक जण खाली असला तर? पाणी ढवळून निघालं होतं, तळ दिसत नव्हता. तिला ओरडून रडावंसं वाटलं. ये ना, ती मनातल्या मनात विनवायला लागली. जे कोणी असशील ते वर ये. तुझ्या पाया पडते, वर ये.

आणि शिडीपाशी एकोणिसावं डोकं वर आलं.

सगळ्यांसारखीच निळी टोपी. चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं आणि ते पोर थेट तिच्याकडे बघून हसत होतं. तिने मोजलं. एकोणीस. खात्री पटेना म्हणून उलट्या बाजूने मोजलं. एकोणीसच. खुर्चीत मागे टेकून ती रडली, पण ते रडणं बरं वाटणारं होतं. हळूहळू कान मोकळे झाले, गलका परत आला. त्यानंतर वर्ग सुटेपर्यंत ती मोजत राहिली. दर वेळी पुरे एकोणीस.

मुलं कपडे बदलून गेल्यावर मॅनेजर स्वतः केबिनमधून बाहेर आला. "बघा, जमलं की नाही? मी काचेतून पाहत होतो. आज अगदी पहिल्यासारख्या दिसत होता तुम्ही." सहा महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी तिच्याशी असं बोललं होतं.

सर टॉवेलने डोकं पुसत फळ्यापाशी गेले आणि त्यांनी जीभ चावली. "अरेच्चा, कालचाच आकडा राहिला की! आज एकाला ताप होता, आला नाही तो. अठराच होती." त्यांनी ओल्या हातानेच फळा पुसून टाकला. "नशीब, ताईंनी आज गोंधळ नाही घातला."

मॅनेजर हसला. सरही हसले. तिला कोणी काही विचारलं नाही, आणि ती गप्प राहिली असती तर कधी कोणाला कळलंही नसतं.

"माझ्या जागी आजच दुसरं कोणीतरी बघा," ती म्हणाली. "मी तासभर एकोणीस मोजत होते."